मुक्या पाणीवालीने बादली आपटली

माझी मुलगी काय करते, असं लोक मला गेली अकरा वर्षं विचारतात आणि गेली अकरा वर्षं मी खोकते. खोकला आला की माणसं पाणी आणायला उठतात, आणि पाणी येईपर्यंत विषय बदलतो. माझ्या धाकट्या बहिणीला असं खोकावं लागत नाही. तिचा मुलगा हाडांचा डॉक्टर आहे. हाड मोडलं, त्याने जोडलं, संपला विषय. शेंबड्या पोरालाही कळेल. माझी लेक मात्र विद्यापीठात माध्यमांची अभ्यासक आहे. म्हणजे काय, हे मी तिला एकदा सरळ विचारलं होतं. तिने वीस मिनिटं समजावलं. माझ्या पदरात एवढंच पडलं की इंटरनेटवर लोक राक्षस होतात आणि ही ते बघत बसते. बहिणीला मी हे अर्थातच सांगितलं नाही.

राक्षस मीही पुष्कळ बघितलेत. चौतीस वर्षं शाळेत काढली, त्यातली शेवटची बारा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. पण मी नुसती बघत बसले नाही. बघत बसायला कोणी पगार देतं, हेच मला पटायचं नाही.

लेकीला आम्ही घरात घुमी म्हणतो. लहानपणी पाहुणे आले की ही टेबलाखाली जाऊन बसायची आणि सगळ्यांचं बोलणं ऐकायची. स्वतः चकार शब्द काढायची नाही. मी तिला पायाला धरून बाहेर ओढायचे. "बोल की गं काहीतरी! मूग गिळून काय बसतेस?" असं चारचौघांत म्हणायचे. ती मान खाली घालायची आणि माझी पाठ वळली की पुन्हा टेबलाखाली. आता तिला त्याच बसण्याची नोकरी लागली आहे, फक्त टेबलाऐवजी विहीर आहे.

ती विहीर आधी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच झाला.

सातकोट नावाचं एक राज्य आहे. ते पृथ्वीवर कुठेही नाही, कॉम्प्युटरवर आहे. दोनेक हजार माणसं रोज आपापल्या घरून तिथे जातात. कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक लावून खुर्चीत बसतात, आणि पडद्यावर त्यांचे कोणी यक्ष होतात, कोणी चेटकिणी, कोणी कुऱ्हाडवाले. तिथे काळकोट आणि धवलकोट अशा दोन फौजा आहेत आणि दोघांच्या मध्ये एक विहीर आहे. त्या विहिरीवर घुमीने एक पाणीवाली बसवली होती. मळका झगा, हातात बादली, आणि मुकी. तीन वर्षं ही पाणीवाली दोन्हीकडच्यांचं बोलणं टिपत होती. राज्याच्या वेशीवर 'येथे अभ्यास चालू आहे' अशी पाटीही लावलेली होती, पण ती कोणी वाचली नव्हती. पाट्या कोणी वाचत नाही. मी मुख्याध्यापिका असताना 'पळू नये' अशा नऊ पाट्या लावल्या होत्या आणि मुलं त्या पाट्यांना शिवून पळायची.

घुमीच्या धंद्याचा एक कडक नियम आहे. लोकांत बसायचं, बघायचं, ऐकायचं, पण नाक खुपसायचं नाही. अभ्यासक एक शब्द जरी बोलला, तरी पुढे जे घडतं ते आपोआप घडलं की त्याच्यामुळे, हे मग कळत नाही. "तीन वर्षांत मी एकदाही माइक लावला नाही, आई," असं ती मोठ्या अभिमानाने सांगायची. मला त्यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे ते समजत नसे, पण मी "छान" म्हणायचे.

या सगळ्यावर तिचं पुस्तक व्हायचं होतं. आठ प्रकरणं, त्यातली सात लिहून तयार. विषय असा, की घरी-दारी मुंगीलाही न मारणारी माणसं खोटं नाव घेतल्यावर एकमेकांच्या उरावर का बसतात. विहिरीपलीकडे एक पूल होता आणि तो कोणाचा यावरून दोन्ही कोटांत दोन वर्षं धुसफूस चालू होती. अखेर रविवारी सकाळी अकरा वाजता महायुद्ध करायचं असं ठरलं होतं. ते युद्ध म्हणजे आठवं प्रकरण. पुस्तक महिनाअखेर गेलं तर तिची नोकरी कायम होणार होती, नाही तर पुन्हा वर्षावर्षाच्या कराराची टांगती तलवार.

आणि युद्धाच्या बरोबर आठवडाभर आधी ही बया मोबाइल वाचत विद्यापीठाचा जिना उतरली आणि शेवटच्या सहा पायऱ्या एकदम उतरली. दोन्ही मनगटं मोडली. माझ्या भाच्यानेच तिला भरती करून घेतलं. एका हाताचं ऑपरेशन, दोन्ही हातांना कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर, आणि शनिवारपर्यंत हॉस्पिटलात मुक्काम. मी धावत पोचले तेव्हा ती छताकडे बघत पडली होती. मला वाटलं, दुखतंय.

"आई," ती म्हणाली, "विहीर."

"कसली विहीर? डोक्यालाही लागलंय का?"

"पाणीवाली दोन दिवस दिसली नाही तर ती जागा दुसऱ्या कोणाला देतात. संध्याकाळी पाच ते आठ तू माझ्या घरी जाऊन बस. बाकी काही करायचं नाही. रेकॉर्डिंग आपोआप होतं. दहा मिनिटं कोणी हललं नाही की बाहेर फेकतात, म्हणून दर नऊ मिनिटांनी खालचं लांबडं बटण दाबायचं. पाणीवाली घोटभर पाणी पिते. बस्स."

"एवढंच?"

"एवढंच. बोलायचं नाही. कोणी काहीही करो, बोलायचं नाही. जमेल?"

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं. चौतीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईला एक बटण जमेल की नाही, असं विचारत होती. मला रागच आला.

सोमवारी मला जमलं. हेडफोन घातले, शेजारी चहा ठेवला, मांडीवर घड्याळ ठेवलं, आणि तीन तासांत वीस घोट पाणी प्यायले. पडद्यावर माणसं येत होती, पाणी घेत होती, एकमेकांना घाणेरड्या शिव्या देत होती आणि जात होती. मी दातांखाली रुमाल धरून बसले होते. शिव्यांपेक्षा मला त्या उभं राहण्याचा त्रास झाला. एका विहिरीभोवती साठ माणसं, आणि रांग नाही!

मंगळवारी साडेपाचला एक शिंगवाला दांडगा आला. हातात त्याच्याएवढीच कुऱ्हाड. पुढे एक बुटकं, गाठोडं पाठीला बांधलेलं कोणीतरी आपल्या पाळीची वाट बघत उभं होतं. शिंगवाल्याने त्याला खांद्याने ढकललं, ते चिखलात पडलं, आणि सगळे हसले.

मी रुमाल आणखी घट्ट चावला आणि घाईने लांबडं बटण दाबायला गेले. बोट शेजारच्या बटणावर पडलं. पाणीवालीने हातातली बादली उचलली आणि विहिरीच्या काठावर आपटली. ठण्ण!

सगळे गप्प झाले.

आता मला सांगा, ठण्ण असा आवाज झाला आणि साठ जण गप्प झाले, तर पुढे मी काय करणार? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. हेडफोनच्या तारेवर एक चिमुकलं बटण होतं, त्यावर तांबडा दिवा होता. माझ्या अंगठ्याने ते दाबलं. दिवा हिरवा झाला.

"रांग," मी म्हटलं.

 मग एक चेटकीण बारीक आवाजात म्हणाली, "विहीर बोलली!"

"विहीर नाही, मी बोलले. बादली धरलीय ती. आणि तू, शिंगवाल्या, तू रांग मोडलीस. नाव काय तुझं?"

"क... कवटीफोड."

"पुटपुटू नकोस. नीट उभा राहा आणि सांग."

"कवटीफोड, बाई."

ते 'बाई' त्याला कोणी शिकवलं नव्हतं, ते आतूनच आलं. मी त्याला त्या बुटक्याची माफी मागायला लावली आणि रांगेच्या शेवटी पाठवलं. तो कुऱ्हाड ओढत गेला. बाकीचे आपण होऊन उंचीप्रमाणे उभे राहिले. पाणी घेऊन मागे फिरताना कुणीतरी हळूच म्हणालं की ही मुकी तीन वर्षं आपल्याला पारखत होती.

बुधवारी दीडशे जण आले, गुरुवारी तीनशे. मी फार काही केलं नाही. शिव्या बंद केल्या. ज्याला फारच राग येईल त्याने विहिरीला सात फेऱ्या मारायच्या, असा नियम केला. आकाशातून आग ओकत येणाऱ्या एका ड्रॅगनला खाली बसवून सतराचा पाढा म्हणायला लावला. त्याला सतरा सक्कंच्या पुढे येत नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी पाठ करून यायला सांगितलं. आणि सगळ्यांची चौकशी केली. घुमीचा नियम म्हणे असा, की खरं आयुष्य विचारायचं नाही. पण मुलाच्या घरी कोण आहे हे माहीत नसताना त्याला शिकवायचं कसं? काळकोटचा कवटीफोड हा एक्कावन्न वर्षांचा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस निघाला. घरी त्याची आई आणि एक कासव. धवलकोटची महाराणी हिमज्वाला चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि तिचं लग्नाचं वय उलटून गेल्याचं तिला रोज कोणीतरी ऐकवायचं. "कोण ऐकवतं?" मी विचारलं. "मावशी," ती म्हणाली. "मावशांकडे लक्ष द्यायचं नाही," मी म्हटलं, आणि मला माझ्या बहिणीची आठवण झाली.

शुक्रवारी पुलाचा विषय निघाला. दोन्हीकडचे एकदम बोलायला लागले तशी मी बादली आपटली.

"पूल रुंद किती आहे?" मी विचारलं.

"चार घोडे एका वेळी जातील, बाई," कवटीफोड म्हणाला.

"मग दोन जाणारे, दोन येणारे. सगळ्यांनी डावी बाजू धरायची. यात भांडण्यासारखं काय आहे?"

 मग हिमज्वाला म्हणाली, "हे आमच्या लक्षातच आलं नाही." दोन वर्षांचं वैर पाऊण मिनिटात मिटलं. फौजा डाव्या बाजूने पुलावरून ये-जा करायला लागल्या, आणि मी खुर्चीत मागे टेकून गार झालेला चहा प्यायले. लाज कसली, सरळ सांगते: त्या चार दिवसांत मला जितकं बरं वाटलं, तितकं निवृत्त झाल्यापासून एकदाही वाटलं नव्हतं.

लेकीला भेटायला मी रोज सकाळी जायचे.

"विहीर ठीक आहे ना?"

"उत्तम."

"शांत आहे ना गं?"

"पूर्वी कधी नव्हती इतकी."

"तू बोलली नाहीस ना?"

त्यावर मी तिच्या तोंडात सूपचा चमचा घालायचे. मी खोटं बोलले नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

शनिवारी दुपारी ती घरी आली. दोन्ही हात कोपरात काटकोनात, पुढे केलेले. तशीच चपला न काढता कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली आणि म्हणाली, "आठवड्याचं रेकॉर्डिंग लाव."

मी लावलं आणि ती सांगेल तिथे पुढे पळवत गेले. सोमवार तिने मान डोलावत बघितला. मंगळवारचे साडेपाच आले. ठण्ण झालं. "रांग" झालं. घुमी एकदा माझ्याकडे बघून पुन्हा पडद्याकडे वळली. कपाळाला हात लावायचा होता तिला, पण प्लास्टर वाकेना; मग तिने कपाळच खाली आणून प्लास्टरवर टेकलं. बुधवार, गुरुवार तिने तसेच, खाली मान घालून ऐकले. पूल आला तेव्हा मान वर झाली.

मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी काय करायचं ते मला येतं. ही गप्प बसली. दिवेलागणीपर्यंत गप्प. मी तिचे केस विंचरले, तिला भरवलं, तिचं नाक खाजवून दिलं, तरी गप्प. शेवटी भिंतीकडे बघत म्हणाली, "ही माणसं का भांडतात यावर मी सात प्रकरणं लिहिलीत, आई. तीन वर्षं. आणि तू त्यांना डावी बाजू धरायला सांगितलीस."

"अगं, पण मिटलं ना भांडण!"

"मिटवायचं नव्हतं. समजून घ्यायचं होतं."

  पोरीच्या पोटावर मी पाय आणला होता, तोही रांगेसारख्या गोष्टीसाठी. मला इतकं वाईट वाटलं की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

रविवारी अकराला पाच कमी असताना तिने मला शेजारी बसवलं. तिचे हात प्लास्टरमध्ये होते, त्यामुळे बटणाला मी लागणार होतेच. "फक्त लांबडं बटण," ती म्हणाली. "आज एक शब्द जरी बोललीस ना, तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

बरोबर अकराला दोन्ही फौजा आल्या. डावीकडे काळकोटचे आठशे, उजवीकडे धवलकोटचे तितकेच. झेंडे, हत्ती, तोफा, सगळं जय्यत. सगळे उंचीप्रमाणे उभे होते. ड्रॅगन रांगेत होता.

"तुम्ही सुरू करा," कवटीफोड म्हणाला.

"नाही नाही, आधी तुम्ही," हिमज्वाला म्हणाली.

"तुम्ही लांबून आलात."

"तुमचा गुडघा दुखत होता ना? आता बरा आहे?"

घुमीने डोळे मिटून घेतले. तिकडे बराच वेळ असंच चाललं. मग सोळाशे माणसं विहिरीकडे वळली, आणि कवटीफोडने हात वर केला.

"बाई, युद्ध आजचं ठरलं होतं म्हणून आम्ही आलो. काहींनी रजा काढलीय. पण भांडायला कारणच उरलं नाही. काय करू?"

मी लेकीकडे बघितलं. तिने मान हलवली: नाही. मी लांबडं बटण दाबलं. पाणीवाली घोटभर पाणी प्यायली. सोळाशे माणसं तिच्या पिण्याकडे बघत उभी राहिली. अकरा वाजून दहा मिनिटं झाली. सव्वाअकरा. वीस. कोणीतरी खोकलं आणि "सॉरी, बाई" म्हणालं. मुलांना असं ताटकळत ठेवणं माझ्या जिवावर आलं होतं, आणि शेजारी माझी पोर पडद्यावर डोळे लावून आपलं आठवं प्रकरण वाहून जाताना बघत होती.

"घुमे," मी म्हटलं, "मी बोलले तर बिघडेल. पण नाही बोलले तर बिघडलेलंच आहे ना?"

 ती अगदी हळू म्हणाली, "आहे खरं."

"मग बघ."

चौतीस वर्षांत मी किती भांडणं मिटवली याची गणती नाही. पण भांडण सुरू कसं होतं, हेही मला त्याच चौतीस वर्षांत कळलं होतं; फक्त ते ज्ञान कधी वापरायची वेळ आली नव्हती. मी हिरवा दिवा लावला आणि बादली आपटली.

"मला जरा बाहेर जायचंय," मी म्हटलं. "मी येईपर्यंत कोणीतरी एक जण मॉनिटर. सगळ्यांवर लक्ष ठेवायचं, आणि जो बोलेल त्याचं नाव लिहून ठेवायचं. कोण मॉनिटर, ते तुमचं तुम्ही ठरवा."

आणि दिवा बंद केला.

एक, दोन, तीन, असं मी मनात मोजत होते. सहापर्यंत शांतता होती. "मीच होतो की, मंगळवारपासून," असं कवटीफोड म्हणाला. "तू? तू तर रांग मोडलीस!" हिमज्वाला म्हणाली. "नाव लिहितो तुझं!" "तू कोण माझं नाव लिहिणार?" नवव्या सेकंदाला पहिली तोफ उडाली.

असं युद्ध सातकोटाने कधी बघितलं नसेल. काळकोट विरुद्ध धवलकोट हे तर राहिलंच बाजूला. प्रत्येक जण प्रत्येकावर तुटून पडला. लढताना सगळे एकमेकांची नावं लिहीत होते. ड्रॅगन आपली लायकी सिद्ध करायला वरून आग ओकत होता आणि मधे मधे सतराचा पाढा म्हणत होता. सतरा दाहे सत्तरासेपर्यंत बिनचूक. गाठोडंवाला बुटका हत्तीवर चढून "मी मॉनिटर! मला बाईंनी पहिल्या दिवशी न्याय दिला!" असं ओरडत होता. पूल पडला. पडेपर्यंत सगळे डावी बाजू धरून पळत होते.

शेजारून एक आवाज आला. मला वाटलं, ही रडतेय. बघते तर घुमी हसत होती. हात पुढे काटकोनात, डोळ्यांतून पाणी, आणि प्लास्टर टेबलावर आपटत होतं. "लिही, आई," ती कशीबशी म्हणाली, "कागद घे, लिही!" मी लिहायला बसले. ती सांगत होती, मी लिहीत होते, कोण कोणाला काय म्हणालं ते. एक वाजेपर्यंत अठ्ठावीस पानं झाली. माझं अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं.

जेवण झाल्यावर मी भीत भीत विचारलं, "चालेल का हे पुस्तकात?"

"युद्ध आपोआप झालं असं लिहिता येणार नाही," ती म्हणाली. "मुक्या पाणीवालीच्या जागी मी मुख्याध्यापिका बसवली, ही माझी चूक. चूक लपवायची नसते, तीच लिहायची. कोणीतरी विचारेल म्हणून सोळाशे माणसं वाट बघत होती, हे मला तीन वर्षं मुकी बसून कळलं नव्हतं. आठवं प्रकरण तेच." मग ती खुर्चीत ताठ बसली. "पण त्यासाठी मला तुझी मुलाखत घ्यावी लागेल. रीतसर."

रीतसर म्हणजे एक संमतीपत्र निघालं. मी ते तिला वाचून दाखवलं, दोन ठिकाणी लाल पेन्सिलीने खुणा केल्या आणि सही केली.

"पुस्तकात तुमचं नाव बदललं जाईल," घुमी म्हणाली. मला ती तुम्ही म्हणत होती. "कोणतं घालू?"

"मुख्याध्यापिका."

"ते नाव नाही, हुद्दा आहे."

"मला दुसरं काही नको."

तिने ते घेतलं. मला रेकॉर्डरचं बटण दाबायला लावलं. मग पहिला प्रश्न विचारला. "तुम्ही रोज पाच वाजता विहिरीवर का जात होतात?"

"तू सांगितलंस म्हणून."

ती काही बोलली नाही. ही युक्ती मला नवीन नव्हती. ऑफिसात मुलाला उभं करायचं आणि गप्प बसायचं. दोन मिनिटांत काच कोणी फोडली ते कळतं. मी तिच्याकडे बघून हसले. ती हसली नाही, नुसती बघत राहिली, आणि त्या बघण्यात घाई नव्हती. घड्याळाकडे बघणं नव्हतं, "हो गं, माहितेय" नव्हतं, "आई, हे सांगितलंयस तू" नव्हतं.

"कारण चार वर्षं पाच वाजता मी गॅलरीत उभी राहते," मी म्हटलं. "शाळा सुटायची वेळ. रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांना मनातल्या मनात रांगेत लावते. ते लागत नाहीत." मला वाटलं होतं मी गंमत म्हणून सांगतेय, पण मग पुढचंही बोलून गेले. "निवृत्त झाल्यापासून माझं वाक्य कोणी पुरं होऊ देत नाही. बहीण तर मुळीच नाही. आणि त्या कवटीफोडने विचारलं, काय करू, बाई? मला विचारलं गं."

ती नुसती ऐकत होती. मग मी बोलायलाच लागले. शाळेचं बोलले, तिचे वडील गेले त्या वर्षाचं बोलले, जे मी कधी कोणाशी बोलले नव्हते. टेबलाखालून तिला पायाला धरून ओढायचे त्याचं बोलले, आणि चुकलं माझं, असं म्हटलं. तिने मधे एकदाही तोंड उघडलं नाही. दोन तास! इतका वेळ मला शाळेतही कोणी ऐकलं नव्हतं. तिथे लोक गप्प बसायचे, ती गोष्ट वेगळी. पोरीचे दोन्ही हात मोडले होते, पेन धरता येत नव्हतं, आणि तरी ती तिचं काम करत होती. मी अकरा वर्षं ज्यावरून खोकत होते, ते हेच काम होतं.

रेकॉर्डर बंद केला तेव्हा फोन वाजला. धाकटी बहीण.

"कसे आहेत गं हात तिचे? आमच्या डॉक्टरने सांगितलं, सहा आठवडे प्लास्टर. त्याचा हात कसला हलका आहे, परवा एक बाई आली होती, तिचं तर... बरं, एक विचारायचं होतं. शेजारणीने विचारलं आणि मला काही सांगताच येईना. घुमी नक्की करते तरी काय गं? कॉम्प्युटरचं काहीतरी ना?"

मी खोकले नाही.

"ती ऐकते," मी म्हटलं.

"कोणाचं?"

"लोकांचं. अगदी शेवटपर्यंत..."

"हो, पण म्हणजे काम काय करते? आता आमच्याकडे बघ, हाड मोडलं की माणूस येतो, मग आमचा..."

"तू आत्ता जे करत नाहीयेस ना," मी म्हटलं, "ते."